शुक्रवार रात्रीची महालक्ष्मी

चाळिशीतल्या मित्रांच्या ग्रुपवर अधूनमधून 'कुठंतरी जाऊ या रे' असा मेसेज पडतो. धडाधड अंगठे येतात. एक जण गोवा म्हणतो, दुसरा फार्महाउस. तारखेवरून दोन दिवस रस्सीखेच चालते, मग कुणाचा तरी वाढदिवस येतो आणि विषय केकच्या फोटोंखाली गाडला जातो. हे टाळायचं असेल तर माझा सल्ला सरळ आहे. गोवा सोडा, फार्महाउस तर सोडाच. मध्यम आकाराचं एखादं शहर धरा, शुक्रवारी रात्री निघा आणि सोमवारी सकाळी कामावर हजर व्हा. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी पहिल्यांदा कोल्हापूर गाठावं.

फार्महाउसवर माझा राग आहे, आणि त्याला कारण आहे. पाच-सहा बाप्ये एका पडवीत दोन दिवस कोंडले की दुपारी बाराला पहिली बाटली उघडते. संध्याकाळपर्यंत कॉलेजातलं एखादं जुनं उसनं निघतं आणि न पिणारा बिचारा सगळ्यांसाठी ऑम्लेटं करत बसतो. शहरात प्रत्येकाला पळवाट असते. ज्याला झोपायचंय तो झोपतो, ज्याला देवळात जायचंय तो देवळात जातो, दोघं नुसते रस्त्याने भटकतात. जेवायला मात्र सगळे एका टेबलावर. म्हणून मित्रांच्या टूरचं नियोजन करताना मी फक्त जेवणाच्या जागा आणि वेळा पक्क्या करायला सांगतो. दोन जेवणांमधला वेळ ज्याचा त्याचा. तासातासाचं वेळापत्रक बनवून ग्रुपवर टाकणारा मित्र प्रत्येक गटात असतो. त्याला तिकिटांचं काम द्या, त्याचा जीव रमेल.

तारीख ठरवायची युक्ती एकच. 'कुणाला कधी जमेल?' असं ग्रुपवर विचारायचंच नाही. दोन तारखा स्वतःच काढा, प्रत्येकाला वेगळा फोन करा आणि चौघांना जमणारी तारीख जाहीर करून टाका. पाचव्याला जमलं तर उत्तम, नाही जमलं तर पुढच्या खेपेला. सगळ्यांना जमणारा शनिवार पंचांगात नसतो. माणसं चार ते सहा असावीत. सहाच्या वर गेलात की हॉटेलात टेबलं जोडावी लागतात आणि दोन टोकांना दोन वेगळ्या सहली चालू राहतात.

त्याच फोनवर पैशांचंही हळूच विचारून घ्या. वीस-पंचवीस वर्षांच्या मैत्रीत सगळ्यांचे खिसे सारखे राहिलेले नसतात. कुणी डायरेक्टर झालेला असतो, कुणाची नोकरी नुकतीच गेलेली असते आणि त्याने ते ग्रुपवर सांगितलेलं नसतं. बजेटची चर्चा चारचौघांत झाली की तो 'बघतो रे, ऑफिसचं जरा' म्हणून अंग काढून घेतो. सगळ्यात हात आखडता असलेल्याला परवडेल ती पातळी धरा आणि तसं धरलंय हे कुणाला कळू देऊ नका. कोल्हापूर निवडायचं हेही एक कारण. तिथे चैनीला फार पैसे लागत नाहीत.

घरी सांगायचं कसं, यावर पुरुषमंडळी 'परवानगी'चे विनोद करतात. ते आता शिळे झाले. मुलांच्या परीक्षा आणि सासरकडची लग्नं बघून तारीख काढा, दोन महिने आधी सांगा आणि तिच्या मैत्रिणींच्या सहलीच्या वेळी घर सांभाळायला तुम्ही थांबा. मग विनोदाची गरज पडत नाही.

आता प्रवास. गाडीने जायचा मोह होतो, विशेषतः कुणी नवी एसयूव्ही घेतली असेल तर. पुण्याहून कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर, मुंबईहून पावणेचारशेच्या आसपास. पण महामार्गावर रुंदीकरणाची कामं चालू असली की वळसे घ्यावे लागतात आणि हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या रात्री दिव्यांशिवाय रस्त्यावर असतात. मुख्य म्हणजे चालवणारा दोन्ही दिवस ड्युटीवर राहतो. त्यापेक्षा महालक्ष्मी एक्स्प्रेस झकास. शुक्रवारी रात्री मुंबईहून सुटते, शनिवारी सकाळी कोल्हापुरात सोडते. रविवारी रात्री कोल्हापूरहून बसलात की सोमवारी सकाळी मुंबईत. रजा टाकावी लागत नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख ठरली की त्याच आठवड्यात तिकिटं काढून टाका. पैसे भरले की माणसं सहसा गळत नाहीत. पुण्याहून चढणाऱ्यांनी तारीख नीट बघावी. गाडी पुण्याला मध्यरात्रीच्या सुमाराला येते आणि बारा उलटले की तिकिटावर शनिवार लागतो. या एका तारखेपायी फलाटावर हात चोळत उभे राहिलेले लोक कमी नाहीत.

महिना कुठला? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचा भरवसा धरू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला रांग लागते ती लागतेच, आणि ज्योतिबाच्या चैत्री यात्रेला सगळा जिल्हा गुलाली होतो. त्यासाठीच जायचं असेल तर जरूर जा, पण मग ती यात्रा झाली, मित्रांची टूर नव्हे. हिवाळ्याचा आणखी एक फायदा म्हणजे गुऱ्हाळं चालू असतात. त्याबद्दल पुढे.

खोल्या ताराबाई पार्क, शाहूपुरी किंवा राजारामपुरीत घ्या. अंबाबाईच्या देवळाच्या अगदी लगतच्या गल्ल्यांत उतरण्याचा हट्ट नको, तिथे रिक्षासुद्धा कुरकुरते. बुकिंग करताना फोनवर एकच प्रश्न विचारा: सकाळी साडेसातला खोली मिळेल का? बऱ्याच ठिकाणी चेक-इन दुपारी बाराचं असतं. रात्रभराच्या प्रवासानंतर पाच बाप्ये बॅगा मांडीवर घेऊन लॉबीत बसलेत, हे दृश्य टूरची सुरुवात म्हणून बरं नाही. आणि घोरणारे दोघं एका खोलीत. यात लाजण्यासारखं काही नाही, हे आधीच ठरवायचं असतं.

शनिवारी सकाळी आंघोळी उरकून देवळात जा. शुक्रवार-मंगळवारच्या मानाने गर्दी बेताची असते. बर्म्युडा आणि बनियनवजा टीशर्ट बॅगेतच ठेवा, पूर्ण पँट घाला. गाभाऱ्याची रांग लांब असेल तर मुखदर्शन घेऊन बाहेर या आणि देऊळ बाहेरून सावकाश फिरून बघा. काळ्या दगडाच्या भिंतींवरच्या मूर्तींकडे मान वर करून पाहायला रांगेतल्या माणसाला वेळ मिळत नाही. ज्याची श्रद्धा नाही त्याला ओढत नेऊ नका. तो भवानी मंडपात चहा पीत बसेल आणि तुमच्यापेक्षा जास्त गप्पा ऐकून येईल.

देवाआधी की देवानंतर, पण मिसळ सकाळीच. उद्यमनगरातली फडतरे मिसळ प्रसिद्ध आहे, आणि दुपारी निवांत जाऊ म्हणणाऱ्यांच्या नशिबी बंद दार येतं. इथे मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस येतात. पुणेकराने त्यावर शेरा मारू नये. तर्रीला इथे कट म्हणतात. पहिल्या घासाला 'एवढी काही तिखट नाही' म्हणून वर कट मागून घेणारा वीर प्रत्येक टोळक्यात असतो. त्याच्या शेजारी पाण्याचा जग ठेवा.

आता मटणाचा प्रश्न, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. तुमच्यातला एक शनिवार पाळतो, एक सोमवार, एक संकष्टी. कुणी मार्गशीर्षात गुरुवारी खात नाही, कुणी अख्खा महिना. निघायच्या आधी हे विचारून घ्या, नाहीतर ताटं मांडल्यावर एक जण हात धुऊन 'मला फक्त सोलकढी' म्हणतो आणि सगळ्यांचा घास अडतो. शनिवार पाळणारा असेल तर मटणथाळी रविवारी दुपारी ठेवा. फक्त रविवारी अख्खं कोल्हापूर मटण खातं, तेव्हा साडेबाराच्या आत टेबल धरा. ओपल आणि पद्मा ही नावं पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहेत. रिक्षावाल्याला विचारलंत तर तो तिसरंच सांगेल, आणि त्याचंही ऐकायला हरकत नाही.

थाळीत सुकं मटण मोजकं येतं, पण तांबडा आणि पांढरा पुन्हापुन्हा वाढतात. नवखा माणूस तांबड्यावर तुटून पडतो आणि भाकरी संपायच्या आत घामाघूम होतो. जाणकार आधी वाटीभर पांढरा पितात. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू असा ऐवज असतो आणि वर खड्या मसाल्याचा नुसता वास. त्याने पोटाला अस्तर लागतं, मग तांबडा झेपतो. शेवटी भातावर दोन्ही एकत्र कालवायचे की नाही यावर कोल्हापुरातच दोन तट आहेत. तुम्ही कुठल्याही तटात शिरू नका, पाहुणे आहात. तुमच्यातल्या शाकाहाऱ्याला कोपऱ्यात पनीर बटर मसाला देऊन बसवू नका. त्याच्यासाठी अख्खा मसूर, खर्डा, भाकरी मिळेल अशी जागा आधी बघा. निदान एक जेवण त्याच्या आवडीच्या ठिकाणी, बाकीच्यांनी मुकाट्याने.

दुपारी झोपा. खरंच सांगतोय. चाळिशीनंतरच्या टूरवर दुपारची झोप ही प्रेक्षणीय स्थळांइतकीच महत्त्वाची आहे. ज्याला झोप येत नाही त्याने न्यू पॅलेसमधलं वस्तुसंग्रहालय बघावं. मेजर मँटने आराखडा केलेला हा राजवाडा १८८४ च्या सुमाराला पुरा झाला. शस्त्रं, शिकारीतली पेंढा भरलेली जनावरं आणि शाहू महाराजांच्या वापरातल्या वस्तू तिथे आहेत.

संध्याकाळ तालमीसाठी राखून ठेवा. पुरुषांच्या टूरला कोल्हापूर साजतं ते यामुळे. या शहरात तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, गल्लीचं मंडळ आणि फुटबॉलचा संघ, तिन्ही एकदम. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत राज्यभरातून आलेली पोरं राहतात, स्वतःचं रांधतात आणि पहाटे-संध्याकाळी मातीत उतरतात. बघायला जायचं तर आधी वस्तादांना विचारा. चपला बाहेर. हौद्याच्या काठावर पाय सोडून बसू नका आणि रील काढायच्या आधी तर दोनदा विचारा. पोरं लढतीत असताना 'अरे पकड पकड' करत सल्ले देऊ नका. तुमच्यातल्या जिमवाल्याला पहिल्या पाच मिनिटांत आपोआप गप्प बसावंसं वाटेल. खासबागचं मैदान राजर्षी शाहूंनी बांधून घेतलं आणि ते १९१२ साली खुलं झालं. मधला आखाडा सखल आणि भोवती चढत गेलेल्या पायऱ्या, त्यामुळे शेवटच्या माणसालाही डाव दिसतो. मैदान भरलेलं नसलं तरी आत जाऊन वरच्या पायरीवर बसून बघा. लागूनच असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह, मूळचं १९१५ चं पॅलेस थिएटर, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं. कोल्हापूरकरांशी बोलताना हा विषय निघाला तर ऐकून घ्या, त्यांना ते अजून लागलेलं आहे.

हिवाळ्यात गेलात तर राजर्षी शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना आहे का हे सकाळीच रिक्षावाल्याला विचारा. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना लागला तर बाकीचे सगळे बेत रद्द करा. टीव्हीवर युरोपातल्या लीग बघून जर्सी घालणाऱ्या मित्राला कळेल की दोन गल्ल्यांची चुरस काय असते. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांच्या मधोमध मात्र बसू नका आणि कुणाच्या बाजूचे आहात हे मोठ्याने सांगू नका.

तिथून खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ, मग रंकाळ्यावर चक्कर. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ म्हशी आणून उभ्या करतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास हातात देतात. तालमीतली पोरं एका दमात रिचवतात. दूध कोमट असतं, फेस मिशीला लागतो आणि मागे म्हैस तुमच्याकडे बघत असते. पण ते कच्चं दूध आहे. ज्याचं पोट नाजूक आहे किंवा ज्याला पुढे प्रवास करायचाय, त्याने मर्दानगीच्या भरात पिऊ नये. बघण्यातच मजा आहे.

रात्रीच्या बसण्याबद्दल थोडक्यात. पिणाऱ्यांचं बिल पिणाऱ्यांनी भरायचं, ते सामाईक पैशांत धरायचं नाही. ड्राय डे आहे का ते तारीख ठरवतानाच बघा. परत खोलीवर रिक्षाने या. आणि अकरानंतर कुणाला 'तू बदललास रे' असं म्हणायची उबळ आली तर पान खायला बाहेर पडा.

रविवारी सकाळी लवकर पन्हाळा. वीसएक किलोमीटर, दिवसभराची मोठी गाडी भाड्याने ठरवलीत तर सगळे एकत्र मावतात. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत हा आहे. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज इथूनच विशाळगडाकडे निसटले. तीन दरवाजा, अंधारबाव आणि धान्याचा अंबारखाना, एवढं नीट बघितलंत तरी पुरे. अंबारखान्यात शिरलात की बाहेरचं ऊन विसरायला होतं आणि एवढं धान्य कुणासाठी, हा हिशेब डोक्यात सुरू होतो. परतीच्या वाटेवर गुऱ्हाळ दिसलं की गाडी थांबवा. काहिलीत रस उकळत असतो, भट्टीत चिपाडं जळत असतात. विचारलंत तर गरम गूळ किंवा काकवी चाखायला मिळते. थेट तिथूनच ढेप घेतलीत तर घरी मान वाढते.

दुपारच्या जेवणानंतर चपला. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल गल्लीत दुकानं ओळीने आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये तसल्याच चपला झळकल्या आणि इकडे ओरड झाली, त्यानंतर घासाघीस करणाऱ्यांना दुकानदार ते आठवणीने ऐकवतात. तळ वाकवून बघा. चामडं असेल तर वाकतं आणि वास लपत नाही. शिलाई चामड्याच्या वादीची आहे का ते पाहा. माप किंचित घट्ट घ्या, आठवडाभरात चामडं सैल होतं. ढगळ घेतलीत तर महिन्याने फटक-फटक वाजते. वाजणारीच हवी असेल तर तसं सांगा, करकर वाजणारी वेगळी मिळते. नवी चप्पल चावते, त्यामुळे ती घालून लगेच रंकाळ्याची प्रदक्षिणा करू नका. आतून तेलाचा हात फिरवा आणि दोन-चार दिवस घरातल्या घरात वापरा. कुणाच्या मनात घरच्यांसाठी साज घ्यायचा असेल तर त्याने गुजरीतल्या सराफांकडे एकट्याने जावं. पाच मित्रांच्या सल्ल्याने दागिना घेतलेला मी पाहिलाय, घेऊ नये.

हिशेब. एकाला खजिनदार करा आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून सारखी रक्कम त्याच्या खात्यावर टाका. रिक्षा, चहा, जेवण, खोल्या, गाडी, सगळं त्यातून. दारू, खरेदी आणि सिगरेट टीटीएमएम. 'तू दे आत्ता, मी नंतर देतो' हे वाक्य दोन दिवस बंद. खजिनदाराने प्रत्येक खर्च ग्रुपवर एका ओळीत टाकायचा आणि बाकीच्यांनी त्यावर चर्चा करायची नाही. हा माणूस कंजूष नको आणि उधळ्याही नको. गटातला एलआयसीवाला किंवा शाळामास्तर या कामाला उत्तम.

रविवारी रात्री स्टेशनवर अर्धा तास आधी पोहोचा. रात्रीचं जेवण बांधून घ्या, पण रस्सा नको, डब्यात सांडतो आणि वरच्या बर्थपर्यंत वास जातो. भाकरी, सुकं मटण किंवा झुणका आणि खर्डा पुरतो. बीपीच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या खिशात आहेत का हे विचारा. दोन दिवसांच्या तिखटानंतर कुणाकडे तरी ॲसिडिटीचीही लागणार आहे. मिरज यायच्या आत हिशेब मिटवा, कारण त्यानंतर निम्मे झोपतात आणि सोमवारी कुणाला फुरसत नसते. शंभर-दोनशे उरले तर ते परत वाटत बसू नका. खजिनदाराकडेच राहू द्या आणि पुढच्या खेपेला इंदूर की हैदराबाद, एवढं त्याच्याकडून वदवून घ्या.